कांदेवाले सर आणि आमचं बंद दार

१९८६ साल. मी बासष्ट वर्षांचा, मिल सुटलेली, आणि मुलुंडच्या चाळीत शेजारी असा माणूस, ज्याने कांदा ही खायची वस्तू आहे असं कधी मानलंच नाही. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. चाळ त्यांना कांदेवाले सर म्हणे. गॅलरीच्या कठड्यावर पाण्याच्या पेल्यांत कांदे मांडलेले. खाली पांढरी मुळं सुटली की सर नळाची रांग सोडून ब्लेड घेऊन बसत. "सकाळचीच मुळं हवीत, पेशींची वाटणी तेव्हा जोरात असते," म्हणत. मुळांची टोकं आम्लात शिजवायची, लाल रंगात बुडवायची, काचेखाली अंगठ्याने दाबायची. त्यामुळे बोटं कायम लाल आणि अंगाला लोणच्याचा वास. छाटलेले कांदे घरोघर वाटायचे. एकदा आमच्या हिने न छाटलेलेच उचलून भजी केली. सर दारात येऊन म्हणाले, "वहिनी, माझ्या पोरांचं प्रॅक्टिकल तळलंत तुम्ही." आणि दोन भजी खाऊन गेले.

मी चौथी शिकलेला. पण मिलमध्ये सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात माझ्या हातचं सूत कधी परत आलं नाही, हा माझा ताठा. त्या साली सुनेला, कुंदाला, मुलगी झाली. डोळे तिरपे, अंग लोळागोळा. डॉक्टर म्हणाले, एक गुणसूत्र जास्त आहे, इतर मुलांसारखी वाढणार नाही. मला शब्द कळला नाही, लाज तेवढी कळली. आमच्या चाळीत दिवसा कोणी दार लावत नाही. लावलंच तर आत भांडण, नाहीतर मयत. मी लावलं. बारसं नको म्हणालो. कुंदाला ऐकू जाईल असं म्हणालो, "आमच्या घराण्यात असलं काही नाही." ती पोरीला पदराखाली घेऊन मोरीकडे तोंड करून बसायची.

ते दार सरांनी वाजवलं, आपला एक कांदा शोधत. कुंदाने उघडलं. सरांनी पोरीची मूठ सोडवून तळव्यावरची एकच आडवी रेघ पाहिली आणि मला म्हणाले, "तात्या, चला जरा माझ्याकडे."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"सूत कळतं ना? चला."

मायक्रोस्कोपला डोळा लावला. "काय दिसतं?"

"माझीच पापणी."

"जरा मागे व्हा."

मग दिसलं. एका खणात लाल धाग्यांचे तुकडे, निम्मे वर, निम्मे खाली ओढलेले. सर म्हणाले, "हीच ती गुणसूत्रं. उलगडला तर एकेक धागा पेशीच्या कितीतरी पट लांब. गुंडाळून गुंडाळून एवढासा केलाय. माणसात अशा तेवीस जोड्या. बीज तयार होताना प्रत्येक जोडी सुटून एक इकडे, एक तिकडे जायला हवा. कधी एखादी सुटत नाही, दोन्ही एकीकडेच जातात, आणि बाळात एक धागा जास्तीचा येतो."

"आमच्याकडे मिलमध्ये सुताची दुहेरी तार गेली की कामगाराला जाब विचारायचे. इथे चूक कोणाची? सुनेची?"

"तिने ओढले का धागे? की तुमच्या मुलाने?"

"मग जोडी सुटत का नाही?"

"ते मलाही माहीत नाही, तात्या."

मी परत काचेत पाहिलं. सगळं धूसर झालं. सर हळूच म्हणाले, "काच भिजवू नका, कॉलेजची आहे."

पुढे सर बोरिवलीला गेले. कठडा रिकामा झाला. कांदे विकत आणताना ही अजून कुरकुरते. जाऊन भेटेन म्हणतो, पण बोलायचं ते तोंडातून निघेल असं वाटत नाही.

पण तेव्हा, काचेत पाहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दार सताड उघडलं आणि कुंदाकडे नात मागितली. तिने लगेच दिली नाही. बरोबरच होतं तिचं. मग दिली. पेल्यांशेजारी उन्हात तिला मांडीवर घेऊन बसलो आणि नळावर जाणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "रविवारी बारसं आहे, या."