मारियाच्या झग्यातली कुसळं

सान इसिद्रो वाडीत असं बोललं जातं की वादळ झाल्यापासून तिया, म्हणजे मावशी, सातुर्निना शेजारच्या कोंचिंगशी बोलत नाही. साफ खोटं. सकाळी कोंबड्या सोडल्यापासून ती कुंपणावरून बोलतच असते. गिळते ती फक्त एकच गोष्ट.

तिच्या माडीवर काचेच्या कपाटात मारियामातेची मूर्ती आहे. हस्तिदंती चेहरा, जरीचा झगा. डिसेंबरातल्या सणाच्या मिरवणुकीत आजीच्या काळापासून हीच पुढे. कोंचिंगची मारिया लाकडी, नाकाचा टवका उडालेली, ती मागे कुठेतरी.

ऑक्टोबरात वादळ आलं. नदी फुगली, वाडी शाळेत जाऊन बसली. पाणी चॅपलच्या पायरीला टेकलं आणि मागे फिरलं. कोंचिंग घरी परतली तर मारिया जागेवर उभी, पण झग्याचा घेर चिखलाने माखलेला आणि त्यात कुसळं.

"चिखल पाण्याने येईल हो, पण कुसळं?" कोंचिंग दर्शनाच्या रांगेत प्रत्येकाला विचारायची. "ती उगवतात चॅपलच्या टेकाडावर. बाई चालत गेली नदीला अडवायला." मग कुंपणापाशी येऊन सातुर्निनाला, "मनाय, ताई गं, तुझ्या मारियाचा झगा कोरडाच ना? बरं झालं बाई. जरीला पाणी वाईट."

"लाकडाला पाय फुटले, आणि तू काय झोपली होतीस?" सातुर्निना आपल्या कपाटासमोर पुटपुटायची. त्यात फादरनी जाहीर केलं, यंदा कोंचिंगची मारिया पुढे.

खरं काय ते दोघींनाच ठाऊक. सातुर्निनाला, आणि त्या दुपारी शाळेत न जाता तिच्याबरोबर माडीवर अडकलेल्या मला, तिच्या भाचीला. कोंचिंगची मारिया भिजली का, एवढंच डोळे भरून बघायला ती गुडघाभर पाण्यातून तिच्या घरात शिरली होती. मारिया पाण्यात पालथी पडलेली. ते मात्र तिला बघवेना. तिने ती उचलली, टेकाडावरून घेर फरफटत चॅपलमध्ये नेली, आणि पाणी उतरल्यावर गुपचूप जागेवर आणून ठेवली. कोंचिंगवर उपकार कशाला दिसू द्यायचे?

आता एक वाक्य बोललं की पुढची जागा परत तिची. पण कोंचिंग लगेच विचारणार, "माझ्या घरात कशाला आली होतीस गं?"

"तू सांगणार," मी म्हटलं. "मिरवणुकीआधीच."

"नाही सांगणार."

"पैज. हरलीस तर यंदा तुझी मारिया मी नटवणार."

"आणि तू हरलीस तर नाताळापर्यंत माझी नक्कल बंद. कोंचिंगपुढे तर मुळीच नाही."

सणाच्या दिवशी कोंचिंगची मारिया पुढे निघाली, घेर मुद्दाम न धुतलेला. तिच्यामागे लगेच सातुर्निना, नजर त्या घेरावर. वळणावर एक कुसळ गळून पडलं. सातुर्निनाने तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. मग वाकली, कुसळ उचललं आणि घेरात परत खोचलं, अगदी होतं तिथेच.

"चाल आता," ती मूर्तीला म्हणाली.

नाताळाला अजून सतरा दिवस आहेत. मी माझ्याच आवाजात बोलतेय.