टिंबांची डबी

आमच्या दुकानात दिवसभरात दोन गोष्टी साचतात. कापलेल्या रेडियमचे बारीक तुकडे आणि किस्से. तुकडे आई संध्याकाळी झाडून टाकते. किस्से मी घरी घेऊन येते आणि वहीत लिहिते, कारण मी दुकानात फारसं बोलत नाही. बोलत नाही म्हणून लोकांना वाटतं, हिला ऐकूही येत नसेल. येतं! सगळं येतं!

दुकान आईचं आहे. जालना रोडच्या आतल्या गल्लीत, सलीम चाचांच्या गॅरेजला लागून. गाडीच्या आत, डॅशबोर्डवर किंवा काचेवर, लोकांना हवी ती अक्षरं कापायची आणि चिकटवायची. पप्पा वाळूजला कंपनीत आहेत. त्यांनी आजवर एक वेलांटीसुद्धा चिकटवलेली नाही. पण पाटीवर मोबाइल नंबर त्यांचा आहे, कारण पाटी केली तेव्हा आईकडे मोबाइल नव्हता. त्या एका नंबरावरून माझं डोकं रोज फिरतं.

मी नववीत आहे. शाळेतून आले की चिमट्यानं अक्षरांच्या पोटातलं नको ते रेडियम काढते. सगळ्यात आधी पडतं ते टिंब. बाकीची अक्षरं वरच्या रेघेला धरून असतात, टिंब एकटं असतं. म्हणून आई जास्तीची टिंबं कापून बामच्या रिकाम्या डबीत ठेवते.

मार्चमध्ये एका ट्रॅव्हल्सवाल्या शेठचा पप्पांना फोन आला. वेरूळ-अजिंठा फिरवणाऱ्या त्यांच्या गाड्या आहेत. प्रत्येक गाडीत समोर "गाडीत थुंकू नये" लावायचं होतं. आधी एकच गाडी. "महिनाभर उन्हात टिकलं तर सगळ्या गाड्या तुमच्याच!" ड्रायव्हर गाडी घेऊन आला, आईनं अक्षरं लावली. शेठ काही आले नाहीत.

आई म्हणाली, "या गाड्या मिळाल्या ना, तर गावोगाव आपलं काम फिरंल. मग कुणी 'माणूस कुठंय' म्हणून विचारणार नाय."

तो महिना मी कॅलेंडरवर रोज एक फुली मारून काढला. पुढचे सगळे किस्से त्याच महिन्यातले.

०००

एक काका नवीकोरी गाडी घेऊन आले. डॅशबोर्डवर हळदीकुंकवाची ओली बोटं, नारळाचं पाणी सगळीकडे उडालेलं. आईनं स्पिरिटचा बोळा घेतला आणि पुसायला वाकली.

"अहो ताई, थांबा! तुम्ही नका हात लावू. भाऊंना येऊ द्या."

"भाऊंना नाय येत. मीच लावते."

काका हसले, जणू आईनं विनोद केला. मग गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले, पेपर वाचला, चहा प्यायले. त्या स्टुलावर आई कधीच बसत नाही. तासाभरानं त्यांनी मला विचारलं, "बेटा, पप्पा कधी येतील?"

"सेकंड शिफ्ट आहे. रात्री बारा वाजतील," मी हळूच म्हणाले.

"मग दुकान उघडं कशाला ठेवलंय?"

तेव्हा आई त्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या गाडीत अर्धी आत शिरून अक्षरं लावत होती!

शेवटी काका सलीम चाचांकडे गेले. "चाचा, तुम्हीच लावून द्या." चाचांनी फडक्याला हात पुसले. "मेरेकू इंजन आता साब, अक्षर नै आता. अक्षर भाभीकूच आता."

काकांनी गाडी वळवली आणि निघून गेले. अक्षरांशिवाय!

०००

एक साहेब आले आणि काउंटरवर कॅरीबॅग उलटी केली. आतून आईनंच लावलेली अक्षरं पडली. तुटलेली, गोळा झालेली, एकमेकांना चिकटलेली.

"पंधरा दिवसांत हे! ए बाई, हे काम म्हणायचं का?"

आईनं एक तुकडा उचलून वास घेतला. "साहेब, तुम्ही पॉलिश मारता का?"

"रोज! शोरूमवाल्यांनी फ्री दिलंय."

"पॉलिश तेलकट असतंय. त्याच्यावर काहीच टिकत नाय. मी लावताना सांगितलं होतं तुम्हाला."

"पॉलिश चांगल्या कंपनीचं आहे. तुमचीच अक्षरं कच्ची!" साहेब ओरडले. "मालकाला बोलवा!"

आईनं मान खाली घालून अक्षरं पुन्हा कापली. मी पोटातलं रेडियम काढायला घेतलं, तेव्हा कुठे मला मजकूर वाचता आला.

"आईचा आशीर्वाद."

०००

एका कॉलेजच्या दादाला इंग्रजी अक्षरं हवी होती, सुटी सुटी, मधे मोठं अंतर सोडून. आई म्हणाली, "तुमच्या डॅशबोर्डला बारीक दाणा हाय, गुळगुळीत नाय. सुटं अक्षर निघंल. मराठीत लिहा, वरच्या रेघेनं एकमेकाला धरून राहतंय. नायतर इंग्रजी काचेवर लावा."

"काकू, डिझाइन तुम्हाला नाही कळणार. सर असते तर त्यांना समजलं असतं."

सर! माझ्या पप्पांना सर! आमच्या घराची भिंत निळी आहे की हिरवी, हे त्यांना विचारलं तर ते आधी भिंतीकडे बघतील.

आठ दिवसांनी दादा परत आला. एकच अक्षर उरलं होतं, तेही तिरकं. बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, "काकू, इंग्रजीला वरून रेघ मारता येईल का?"

०००

पाचोडचं एक कुटुंब "आनंदाचा प्रवास" लावून घ्यायला आलं. आईनं अर्धा तास घालवून, पुसून, हेअर ड्रायरनं गरम करून एकेक अक्षर बसवलं. मग सांगितलं, "एक दिवस एसी लावू नका, धुवू नका, नखानं कोपरा उचकटू नका."

तिचं बोलणं संपायच्या आत त्यांच्या चार वर्षांच्या छोकरीनं नखानं टिंब उचकटलं आणि स्वतःच्या कपाळावर लावलं!

"अगं बाई, किती गोड!" तिची आई म्हणाली. सगळ्यांनी फोटो काढले. आजोबांनी काढला, मामांनी काढला, मग सगळ्यांचा मिळून एक काढला. तो माझ्याकडून काढून घेतला.

आईनं डबीतून दुसरं टिंब काढून लावलं. छोकरी ते बघत होती.

"गालाला पण हवं!"

आईनं तिसरं टिंब थेट तिच्या हातावर दिलं. माझ्याकडे बघत पुटपुटली, "लई टिंबं कापली म्हणून बरं झालं."

०००

हा किस्सा शाळेतला आहे, पण राग तोच आहे. वर्गात मॅडम फॉर्म भरत होत्या. पालकांचा व्यवसाय.

मी उभी राहून म्हणाले, "वडील कंपनीत. आईचं रेडियमचं दुकान."

मॅडमनी लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. "वडील, कंपनी आणि दुकान. आई, गृहिणी. बरोबर?"

माझ्या बोटांना तेव्हासुद्धा रेडियमचा चिकटा होता. मला म्हणायचं होतं, नाही मॅडम, बरोबर नाही. पण मी होकारार्थी मान हलवली आणि खाली बसले. त्या दिवशी सगळ्यात जास्त राग मला माझाच आला.

खिडकीतून मॅडमची गाडी दिसत होती. मागच्या काचेला आतून "शिक्षक" लावलेलं आहे. आतून लावायचं म्हणून ते आरशातल्यासारखं उलटं कापावं लागतं. आईनं कापलं आणि तिनंच लावलं. मॅडम तेव्हा चांगल्या शेजारी उभ्या होत्या.

तीन उन्हाळे झाले. एक कोपरासुद्धा उचललेला नाही.

०००

महिना भरला. कॅलेंडरवरची शेवटची फुली मी सकाळी शाळेत जाण्याआधीच मारली होती. त्या दिवशी पप्पांना सुट्टी होती, म्हणून ते दुकानात येऊन काउंटरपाशी उभे होते. आई मागे मशीनवर अक्षरं कापत होती.

शेठ स्वतः आले. सोबत आमची ट्रायलची गाडी आणि तिच्यामागे दुसरी एक कोरी. ट्रायलची गाडी महिनाभर अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या वाऱ्या करत होती, भर दुपारी काचा बंद करून पार्किंगमध्ये उभी राहत होती. मी चपलाही न घालता धावले आणि आत डोकावले. "गाडीत थुंकू नये." टिंब जागेवर होतं!

शेठ सरळ पप्पांकडे गेले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. "वा उस्ताद! काय हात आहे तुमचा! माझ्या ड्रायव्हरनं नखानं ओढून बघितलं, तरी निघेना!"

मी पप्पांकडे बघत राहिले. आता सांगतील. आता सांगतील.

पप्पा हसले. म्हणाले, "सवयीनं येतं शेठ."

मशीन थांबलं. मी हातातला चिमटा इतका दाबला की बोटावर वळ उठला. गिऱ्हाइकांचा राग मला ठेवता येतो, तो वहीत ठेवते. हा राग कुठे ठेवायचा ते कळेना.

"ही दुसरी गाडी माझ्यासमोर लावा," शेठ म्हणाले. "मला बघायचंय, तुम्ही लावता कसं."

आई उठली. कापून तयार असलेलं "गाडीत थुंकू नये" तिनं पप्पांच्या हातात दिलं. त्यावर दाबायची प्लास्टिकची पट्टी ठेवली.

"घ्या," ती म्हणाली.

पप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग शेठकडे. मग गाडीत शिरले. डॅशबोर्ड न पुसताच अक्षरं लावली. एक टोक वर, एक खाली, मधे फुगे. अक्षरं धरून ठेवणारा वरचा कागद ओढला, तर निम्मं "गाडीत" कागदाबरोबर परत आलं. टिंब सुटलं, उघड्या दारातून उडालं आणि शेठच्या बुटावर पडलं.

चाचा हातात पाना धरून गॅरेजच्या दारात उभे होते. शेठनी टिंबाकडे बघितलं. मग पप्पांकडे. मग ट्रायलच्या गाडीकडे.

"मग त्या गाडीत कुणी लावलं होतं?"

"आईनं!"

सगळे वळले, तेव्हा मला कळलं की हा माझा आवाज होता.

पप्पा गाडीतून उतरायला लागले. आई गिऱ्हाइकांच्या स्टुलावर जाऊन बसली. पदरानं घाम पुसला आणि मला म्हणाली, "अगं, चहा सांग. दोनच. एक शेठला, एक मला."

पप्पांचा एक पाय अजून गाडीतच होता.

"उस्तादांचे हात कामात हायेत."