तपासणीआधीचं पाणी

आमच्या सावेडीच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका मूळचे श्रीगोंद्याचे. जन्मभर ऊस लावला. आता त्यांना रक्ताचा कॅन्सर आहे, रोज एक गोळी आहे आणि दर महिन्याला रक्ततपासणी. आजाराची त्यांना फारशी भीती नाही, रिपोर्टची आहे. तो बारावीच्या निकालासारखा हातात धरून ते पार्किंगमध्ये उभे राहतात. "हिमोग्लोबिन बघा, ताई! हाय का न्हाई झ्याक?"

या झ्याक आकड्याचं गुपित परवा लॅबच्या वाटेवर कळलं. काका माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. तपासणीच्या आदल्या दिवसापासून म्हणे ते पाण्याचा थेंब घेत नाहीत.

"तोडीआधी उसाचं पानी तोडत्यात, मंग रस घट्ट हुतो, साखर उतारा वाढतो. रगात बी तसंच, घट्ट हुतं."

"आणि गोळी?"

"ती पेलाभर पान्यासंगं घ्या म्हनल्यात डॉक्टर. मंग तिला बी सुट्टी."

म्हणजे डॉक्टर चष्मा लावून वाचतात तो रिपोर्ट वाळवलेल्या काकांचा, आणि त्यावरून औषध ठरतं ओल्या काकांचं. वर हे खूश, डॉक्टरला कसं फसवलं म्हणून!

मी स्कूटर थांबवली. "काका, उसाचं पाणी तोडतात, कारण त्याला तोडायचंच असतं."

मागे खिशातून गोळ्यांची पट्टी निघाल्याचा आवाज आला.

"तुमची पान्याची बाटली द्या," काका म्हणाले. घटाघट पिऊन तोंड पुसलं. "पन आजचा रिपोर्ट पार्किंगमदी कुनाला दावायचा न्हाई."