डावीकडचं वजन

अनुपनं गाडी सेट केली ती अगदी बरोबर. फक्त आत माणूस झोपलाय, हे त्याला माहीत नव्हतं.

आता ती गाडी म्हणजे काही सहा आसनी जीप नव्हती, की मागं कोण पडलंय ते दिसू नये. दोन दारं, दोन सीट, लाल रंग आणि पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. मालक श्रेयस, अकोल्याचा तरुण वकील. रोज अकोल्याहून अमरावतीच्या कोर्टात यायचा आणि रविवारी हौस म्हणून चिखलदऱ्याचा घाट चढायचा. त्याची मागणी साधीच होती.

"अनुपभाऊ, रोज कंबर नाही मोडली पाहिजे. अन् रविवारी वळणावर गाडी नाही झुकली पाहिजे."

"म्हंजे एकाच मानसात जावई बी पाह्यजे अन् पहिलवान बी," अनुप म्हणाला.

त्यानं जुने शॉकअप काढून वर-खाली करता येणारे नवे बसवले. मग त्याची नेहमीची रीत. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवायचे, ड्रायव्हरच्या जागी मालकाऐवजी सरकीच्या ढेपेचं पोतं बसवायचं आणि स्प्रिंगच्या कड्या फिरवत गाडी सपाट आणायची. मालक जोडीनं फिरणारा असेल, तर डाव्या सीटवर दुसरं पोतं नसायचं. तिथं देवमनकाका बसायचे.

देवमनकाका नांदगाव पेठेच्या गिरणीत चौकीदार होते. नोकरी संपली, बायको आधीच गेलेली, म्हणून बडनेरा रोडवरच्या अनुपच्या वर्कशॉपात येऊन बसायचे. बसणं हेच त्यांचं काम होऊन गेलं. आयुष्यभर रात्री जागलेला माणूस. मऊ सीट मिळाली की घोरायला लागायचा.

"काका, हालू नका बरं."

"मेला मानूस हालते का बे?" डोळे मिटूनच काका म्हणायचे.

एका बैठकीचा एक चहा, एवढीच त्यांची मजुरी. तीही अनुपनं स्वतः आणून हातात द्यायची. दुसऱ्या कोणी दिलेला चहा हिशेबात धरत नसत. आणि चहा पिताना ठरलेलं गाऱ्हाणं : "एवढ्या गाड्यांत बसलो मी, पन एकबी गाडी फाटकाच्या भायेर नाई गेली. धारणीहून पोट्टा होतो तवा जीपच्या मागं लटकून आलो. आता जाईन तं बसून जाईन."

"नेतो ना काका. ह्या रविवारी."

असे कितीतरी रविवार आले अन् गेले.

श्रेयस एकटाच गाडी चालवणार होता, त्यामुळं त्या दिवशी काकांचं काम नव्हतं. पण ऊन कडक होतं आणि लाल गाडीच्या काचांना उन्हाचे पडदे लावलेले होते. काका गुपचूप आत शिरले, सीट मागं पाडली आणि झोपले. अनुप खाली जमिनीवर पाना घेऊन. काटे डावी बाजू जड दाखवत होते. अनुपनं आधी काट्यांना शिव्या घातल्या, मग पेट्रोलच्या टाकीला, मग ही गाडी बनवणाऱ्या जपानी लोकांना. शेवटी डावीकडच्या कड्या फिरवून गाडी सपाट केली आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

संध्याकाळी दार लागल्याचा आवाज आला. चपला फरफटत फाटकाकडे गेल्या.

"चहा राहिला रे अनुप."

"उद्या, काका!" तो गाडीखालूनच ओरडला.

थोड्या वेळानं श्रेयस गाडी घेऊन गेला. पहाटे काका गेले.

स्मशानातून परतताना कोणीतरी म्हणालं, "झोपेतच गेला म्हातारा. सुखाचं मरन." झोपेत म्हटल्याबरोबर अनुपचे पाय थांबले. काल संध्याकाळी काका नेमक्या कोणत्या गाडीतून उतरले होते?

त्यानं तिथूनच श्रेयसला फोन लावला. "श्रेयसभाऊ, चुकलं मायं. गाडी दोघांच्या वजनावर सेट झाली. डावी बाजू उचललेली राहीन. घाटात नका नेऊ."

"अरे, चुकलं काय म्हणतोस! काल रात्री थोडी उजवीकडे ओढत होती. आज सकाळी निघालो तर आपोआप सुधारली. हात सोडले तरी सरळ जाते. फक्त डाव्या सीटच्या बेल्टचा दिवा लागतो, टिंग टिंग करतो. रिकामाच बेल्ट लावून टाकला, गप बसला."

अनुपनं त्याला कोर्टातून थेट वर्कशॉपात बोलावलं. पुन्हा काटे, पुन्हा ढेपेचं पोतं. डावी सीट रिकामी असूनही चारही कोपरे जुळत होते. त्यानं डाव्या सीटचा बेल्ट सोडला. टिंग. टिंग. टिंग. गादीवर हात ठेवला. गादी आधीच दबलेली होती, आणि कोमट होती. उन्हानं असेल म्हणावं, तर गाडी सावलीत उभी होती.

"सेन्सर गेला असेल," श्रेयस म्हणाला. "मैथिली पण येणार आहे रविवारी. चिखलदऱ्याला नेतो तिला."

आता मैथिली म्हणजे श्रेयसची होणारी बायको. ती बसणार याच सीटवर. पण अनुपला धास्ती होती ती वेगळीच. चिखलदऱ्याच्या वाटेवर धारणीचा, म्हणजे काकांच्या गावचा, फाटा लागतो. देवमनकाका फाटा पाहून आत बसून राहणारा माणूस नव्हे. ऐन वळणावर एका बाजूचं वजन उतरून गेलं, तर गाडी ह्या दोघांना घेऊन कुठं जाईल?

"मले शनिवारी गाडी द्या," तो म्हणाला. "टेस्ट घेतो एक."

शनिवारी सकाळीच तो निघाला. निघण्याआधी वाकून डावा बेल्ट लावला. "काका, राग मानू नका. नियम हाय." स्वतःचाच आवाज ऐकून त्याला हसू आलं, आणि लगेच गेलं.

परतवाडा सुटलं, साग सुरू झाला. खड्ड्यांतून गाडी अलगद जात होती. वळणावर जराही झुकत नव्हती. एवढी सुरेख गाडी त्यानं आजवर सेट केली नव्हती, आणि हीच गोष्ट त्याला सहन होत नव्हती. तो बोलत सुटला: गिऱ्हाइकांच्या गोष्टी, रस्त्याच्या गोष्टी. एका जागी, उतारावर, घोरल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. नवे शॉकअप असा आवाज करत नाहीत.

सेमाडोहच्या पुढं एका म्हातारीनं हात केला. अनुप थांबला. सीट रिकामी दिसत होती, मग थांबायला काय झालं? तिनं डाव्या काचेतून आत पाहिलं, आदरानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जाऊ द्या बाबू, बसले हायेत ना ते. मी मांगच्या गाडीनं येतो."

त्यानं शेजारी पाहिलं नाही. धारणीपर्यंत मान वळवलीच नाही.

गावाच्या अलीकडं चहाची टपरी दिसली. अनुप उतरला. "दोन दे." आजचा दिवस बिनचुकीचा करायचा होता, चहा स्वतः न्यायचा, हातात द्यायचा. दोन्ही हातांत कप घेऊन तो वळला, तोच आतून टिंग टिंग सुरू झालं. कोणी बेल्ट सोडल्यासारखं. मग दार न उघडताच गाडीची डावी बाजू हळूच वर आली, जड माणूस उठल्यावर खाट येते तशी. दिवा विझला. आवाज थांबला.

रस्ता गावापर्यंत सरळ होता. त्यावर कोणी नव्हतं. वाळलेली पानं तेवढी एका रेषेत फरफटत गेल्यासारखी वाजली.

"काका!" अनुपनं हाक मारली. "चहा!"

टपरीवाल्यानं विचारलं, "हा दुसरा कोनाचा?"

अनुपनं तो कप टपरीच्या फळीवर ठेवला आणि दोन्हीचे पैसे दिले. परत येताना गाडी सगळ्या रस्त्यानं उजवीकडे ओढत राहिली, आणि तो ती दोन्ही हातांनी सरळ धरत राहिला. रात्री काटे लावून त्यानं ती श्रेयससाठी नीट केली. त्याआधी डावं दार उघडून आत पाहिलं, गादी दाबून पाहिली. ती रिकामी होती.

दुसरा कप धारणीच्या टपरीवर, त्या फळीवर भरलेलाच राहिला होता.