पायाला न लागलेलं तेल

आपण हात चालवल्याशिवाय देव काही करत नाही, असं मी आयुष्यभर मानत आले. म्हणून ऐंशी-ब्याऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात रोहणा गावच्या आमच्या घरी सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी नवस बोलत बसले नाही. जीप मिळवली, मागे गादी टाकली आणि त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं.

ऑपरेशन होऊन हाडात खिळा बसला. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, की नुसतं पडून राहिल्यानं पायात रक्ताची गाठ होते. तासातासाला दोन्ही पंजे वरखाली करायला लावा. पण सासूबाई ओरडायच्या, "मोडल्या पायाले हलवा म्हणते! तुह्या डाक्तरले खुबा हाय का नाई?" मला हसू यायचं, दयाही यायची. मी पायाच्या दोन्ही बाजूंना उशा लावून तो जागचा हलू देत नसे, आणि नर्सबाईंनी विचारलं की व्यायाम झाले म्हणून सांगत असे. हे खोटं मी तीन दिवस बोलले.

चौथ्या दिवशी त्यांची पोटरी सुजली, हाताला गरम लागू लागली. आमच्याकडे सुजेवर एकच उपाय, कोमट तेलानं चोळायचं. नणंदेनं गावातल्या मारुतीच्या समईतलं तेल बाटलीत भरून पाठवलंच होतं. मी ते वाटीत ओतलं, पदर खोचला, बोटं बुडवली. देवाचं तेल आणि माझे हात, आता सूज राहते कशी!

"अवो बाई, चोळू नका!"

वॉर्डाच्या दारात एक अनोळखी बाई उभी होती, हातात पितळी डबा.

"काऊन?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"मी हिंगणीची. माह्या मालकाचा पाय असाच सुजला होता, याच दवाखान्यात. मीच तेल लावून चोळला. गाठ सुटली अन् छातीत गेली. पाणी मागतलं त्याइनं, मी आणेपर्यंत सारं संपलं होतं." तिनं वाटीकडे बोट केलं. "पयले डाक्तरले बलावा. तेल काय पळून जाते?"

मी हात पुसले आणि धावले. डॉक्टरांनी टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या. व्यायामाचं खोटं मी तिथंच कबूल केलं. ते चिडले, पण आधी रक्त पातळ करणारं औषध सलाइनमधून सुरू केलं आणि पाय उंच ठेवायला लावला. पुढचे काही दिवस सासूबाईंचा श्वास ऐकत मी बसून राहिले. करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि मला त्याची सवय नव्हती. तेव्हा पहिल्यांदा मी मारुतीला नुसतं म्हटलं, तू बघ.

सूज उतरली. वॉकर धरून पहिलं पाऊल टाकताना सासूबाईंनी मला सुनावलं, "मी नाई म्हटलं, पण तू काऊन ऐकलं?"

त्या बाईचा मी शोध घेतला. वॉर्डात हिंगणीचं कोणीच नव्हतं. ती डबा कोणासाठी घेऊन आली होती, कळलं नाही. यावर मी जास्त बोलत नाही. ती नेमकी तेव्हा दारात आली, एवढं मला पुरे.

घरी आल्यावर ते तेल मी परत मारुतीच्या समईत घातलं आणि वात लावली. कुणाचा खुबा मोडला की मी आजही जाऊन पंजे हलवून घेते, रडारड ऐकत नाही. पण हात घालायच्या आधी क्षणभर थांबते, आणि दारातून कोणी काही सांगत असेल तर ऐकून घेते.