स्क्रू नसलेली डबी

भिंगरीला खुर्चीत स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्याने हात वर करावा. टीव्ही, मिक्सर, पंखे दुरुस्त करायचं त्याचं दुकान जेमतेम चार पावलांचं, आणि त्या चार पावलांत हा गृहस्थ दिवसाकाठी कोसभर चालायचा. गिऱ्हाईक तक्रार सांगत असायचं तोवर हा दोनदा दाराशी जाऊन यायचा. लोकांनी भिंगरी नाव ठेवलं ते उगीच नाही.

फक्त एका गोष्टीपुढे तो बसायचा. लहानपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. आगीत अर्धाअधिक जळालेला एक बंबवाला, आणि शास्त्रज्ञांनी त्याला बसवलेला यंत्राचा हात, यंत्राचे पाय, यंत्राचा डोळा. पोरं त्याला लोखंड्या म्हणायची. पुढे मालिका पुन्हा लागली तेव्हा भिंगरीने सव्वीसच्या सव्वीस भाग कॅसेटवर उतरवून घेतले, आणि त्या कॅसेटी लावायचा जुना व्हीसीआर आजतागायत स्वतःच्या हाताने जिवंत ठेवला.

लोखंड्याचा हात म्हणजे चंदेरी कागद गुंडाळलेला पाइप होता. नवव्या भागात कोपराशी तो कागद सुटलेला चक्क दिसतो. पळताना येणारा आवाज बहुधा शिवणयंत्राचा. हे सगळं भिंगरीला पाठ होतं, आणि त्याने प्रेम वाढलंच होतं. हातात दमडी नसताना कागद आणि पाइप घेऊन कुणीतरी माणूस उभा करत होतं, याचंच त्याला कौतुक. हल्लीचे गुळगुळीत यंत्रमानव त्याला बघवत नसत. "ह्यांना कधी खाज तरी सुटते का?" तो विचारायचा. लोखंड्याला सुटायची. खोट्या हाताला खाज सुटायची आणि तो बिचारा खाजवत बसायचा.

पण सगळ्यांत लाडकं होतं ते लोखंड्याच्या दंडावरचं झाकण. चार स्क्रूंचं. काही बिघडलं की लोखंड्या स्वतःच ते उघडायचा आणि दुरुस्त करायचा. भिंगरी हा धंदा शिकला तो ते झाकण बघूनच.

आणि मग एका महिन्यात त्याला जिन्यात दोनदा चक्कर आली.

"नाडी अडतीस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेसमेकर बसवावा लागेल. लांबवू नका."

"जन्मभर लोखंड्या लोखंड्या केलंत," बायको म्हणाली, "आता घ्या!"

ती हसली, पण भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. गिऱ्हाइकांना तो वर्षानुवर्षं ऐकवत आला होता, की माणूस आणि यंत्र यांचं लग्न लागल्याशिवाय माणसाचं भलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पहिली तारीख मिळाली तेव्हा त्याने कामाची गर्दी पुढे केली. दुसरी मिळाली तेव्हा सर्दी.

शेवटी त्याने डॉक्टरीणबाईंकडे हट्ट धरला, की मशीन आधी हातात द्या. त्यांनी रोग्यांना दाखवायला ठेवलेली एक बंद पडलेली डबी दिली. काडेपेटीहून लहान, गुळगुळीत. दुकानात आणून भिंगाखाली त्याने ती चहूबाजूंनी फिरवली. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

"स्क्रूच नाही," तो बायकोला म्हणाला. "उघडायची कशी?"

"तुम्ही कशाला उघडताय? डॉक्टर बघतील ना."

"जे उघडत नाही ते आत काय करतंय, कळणार कसं? उद्या बंद पडली तर?"

"तुम्हाला तरी कुठे स्क्रू आहे? अठ्ठावन्न वर्षं न उघडता चाललातच की!"

उत्तर बिनतोड होतं, म्हणून त्याला रागच आला. बायको वर स्वयंपाकाला गेल्यावर या शहाण्याने डॉक्टरीणबाईंची डबी शिकंज्यात आवळली आणि लोखंड कापायची करवत चालवली. डबीवर नुसते ओरखडे उमटले. तो आणखी जोर लावू लागला, आणि डोळ्यांपुढे अंधार आला.

शुद्धीवर आला तेव्हा त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं. करवत टेबलाखाली पडली होती. बायको या वेळी टोमणा न मारता पदराने त्याचं कपाळ पुसत होती. भिंगरीला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. दुपारी त्याने चौदावा भाग लावला. बोगद्यात अडकलेला लोखंड्या अंधारात दंडाचं झाकण उघडतो, तो भाग. पण आज तिथेही जिवाला चैन पडेना. भिंगरी उठला, बसला, पुन्हा उठला. मागे बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो," ती म्हणाली, "तो टॉर्च कुणी धरलाय?"

"कुठला टॉर्च?"

"त्याचा एक हात उघडलाय. दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर आहे. मग उजेड कुठून येतोय?"

भिंगरीने कॅसेट मागे घेतली. पडद्याच्या अगदी कडेला दोन बोटं आणि टॉर्चचं टोक होतं. बोटं लोखंड्यासोबत बोगद्यात अडकलेल्या नर्सची. लोखंड्या स्क्रू पिळत होता आणि ती बोटं जराही हलत नव्हती. सुटलेला कागद शोधणाऱ्या या माणसाला चाळीस वर्षांत ती बोटं दिसली नव्हती. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने खोलीत चार फेऱ्या मारल्या. मग दारातूनच, मागे न वळता म्हणाला, "तारीख कधीची मिळते, विचार डॉक्टरीणबाईंना."

ऑपरेशन तासाभराचं. तो जागा होता. ओरखडे पाहून डॉक्टरीणबाईंनी कानउघाडणी केली, तीही त्याने टेबलावर पडूनच ऐकली. "हलू नका" म्हटल्यावर बाकी सगळा भिंगरी स्थिर राहिला, चादरीखाली पायांची बोटं मात्र शेवटपर्यंत चालूच होती.

खोलीत आणल्यावर बायको उशाशी बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बॅटरी दहाएक वर्षं टिकेल. मग डबी बदलू."

त्या गेल्यावर भिंगरी म्हणाला, "दहा वर्षांनी तारीख मिळाली की मी पुन्हा पळणार. आत्ताच सांगून ठेवतो."

बायको हसली नाही.

"दहा वर्षं!" ती म्हणाली. "अहो, गेला महिनाभर मी तुम्ही जिना चढून वर येईपर्यंतच बघत होते. त्याच्या पुढचं काही बघायची हिंमतच होत नव्हती."

आणि तिला रडू फुटलं. ओठ दाबून, पदराने तोंड झाकून, महिन्याभराचं. भिंगरीला उठून तिच्याजवळ जायचं होतं, पण उठायची मनाई होती. तो तिच्याकडे बघत पडून राहिला.