डावी कूस

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे काडीताई म्हणायचे. नंबर तपासायला वेगळा माणूस, काचा बसवायला वेगळा. पण चष्मा तोंडावर टिकतो तो कानामागच्या काडीमुळे, आणि ती काडी वाकवायचं काम हिचं. गरम हवेच्या छोट्या यंत्रापुढे काडी धरायची, मऊ झाली की अंगठ्याने वळवायची, गिऱ्हाइकाच्या कानामागे बसवून बघायची, पुन्हा वळवायची. "मी दिवसभर लोकांच्या काड्या करते," असं स्वतःच सांगायची आणि आधी स्वतःच हसायची. एकवीस वर्षं हेच. दोन्ही कान एका पातळीत नसलेली माणसं तर इतकी असतात म्हणता! तुमचेही नसतील, आरशात बघा एकदा.

तर अशा बाईला बावन्नाव्या वर्षी स्वतःच्या कानाचं वेड लागलं. झालं काय, एक सत्तरीची बाई गिऱ्हाईक म्हणून आली, केस पांढरेशुभ्र, आणि कानाच्या वरच्या कडेला, पाळीला नव्हे, वर जिथे कान कडक असतो तिथे, मोहरीएवढा खडा. काय दिसत होता! घरी आल्यावर काडीताईने नवऱ्याला हे तीन दिवस सांगितलं. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "अगं, मग टोचून घे आणि मला सोड."

नवरा बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे साडेतीनला घर सोडायचा, ब्रेडचे ट्रे दुकानोदुकानी पोचवायचा. ती दुकानातून यायची साडेसातला. जेवणं, भांडी, आणि नऊला पलंग. मूलबाळ नव्हतं, त्याचं रडून झालेलं होतं, घरात दोघंच. जे काही बोलणं व्हायचं ते झोपेआधीच्या त्या अर्ध्या तासात, एकमेकांकडे तोंड करून. आणि या माणसाची एक गंमत होती. समोर तोंड दिसल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. फोनवर नुसतं "हां", "बरं", "ठेवतो". पण समोर बायकोचे डोळे दिसले की क्लचची करकर, मालकाचा चिक्कूपणा, कुणी ट्रे परत दिला नाही, सगळं बाहेर. मनातलं असेल ते सगळ्यात शेवटी, झोप यायच्या बेतात.

टोचणारी पंचविशीतली मुलगी होती, काळे हातमोजे, स्वच्छ दुकान. "बंदुकीने नाही हं टोचत मी," ती म्हणाली. "वरचा भाग चिरडतो त्याने. पोकळ सुई. कुठला कान, काकू?"

काडीताईने क्षणभर विचार केला. फोन ती उजव्या कानाला लावायची. म्हणून म्हणाली, "डावा."

एवढ्यावर ठरलं. दुसरं काही कारण नव्हतं.

सुई गेली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, बाकी काही नाही. मग मुलीने नियम सांगितले. मिठाच्या पाण्याचा फवारा दिवसातून दोनदा. मऊ कागदाने टिपायचं, कापूस नको, धागे अडकतात. खडा फिरवायचा नाही, तेल नाही, मलम नाही. पाळी सहा आठवड्यांत भरते, हे वर्षभर घेतं. "आणि त्या कुशीवर झोपायचं नाही. बिलकूल नाही. सगळे तिथेच चुकतात."

कानाच्या मागची बाजू तिला दिसेना, म्हणून फवारा मारायचं काम नवऱ्याने घेतलं. रोज जेवण झालं की हाक यायची, "हिरोईन, कान इकडे!" जाडजूड बोटांचा माणूस, पण टिपायचा असा की कागद लागलेला कळू नये. तिला चिडवायचा, "आता पुढच्या महिन्यात नाक, मग भुवई, मग मला कुणी ओळखणार नाही तुझ्याबरोबर." तीही मग त्याच्या टकलाला एक खडा बसवून द्यायची. एकंदरीत मजेत चाललं होतं हो. दुकानातही येताजाता आरशात बघायची. आयुष्यात स्वतःसाठी केलेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती जमली होती.

पाचव्या आठवड्यात बोलता बोलता ती डाव्या कुशीवरच झोपून गेली. सकाळी कान लालबुंद, खड्याशेजारी वाटाण्याएवढी गाठ. टोचणारीने फैलावर घेतलं. "काकू, गाठ वाढली तर काढावं लागेल. कानाचा आकार जातो एखाद्याचा." काडीताई हादरलीच. कान वाकडा झालेली काडीताई! गिऱ्हाइकं काय म्हणतील?

पलंग भिंतीला लागून. ती भिंतीकडे, तो दाराकडे, कारण त्याला पहाटे उठायचं. म्हणजे डावी कूस ही त्याच्याकडची. उताणी झोपली की ती घोरायची. राहिली उजवी. त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. कधी सवयीने वळलीच तर तोच खांद्याला हात लावायचा, "तिकडे वळ गं, कान दुखेल." बसून बोलता आलं असतं की, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. दिवसभर उभं राहून काम केलेल्या बाईला म्हणा.

गाठ हळूहळू बसली. आणि त्याचं बोलणंही कमी झालं. तिला वाटलं, दमतो आता, वय झालं. खरं सांगायचं तर तिला फार काही वाटलंच नाही.

एकदा तो मागून म्हणाला, "झोपलीस का?"

"नाही, बोला ना."

भिंतीवरचा रंग तिच्या नाकासमोर सुटला होता, त्याच्याकडे ती बघत होती.

"काही नाही," तो म्हणाला. "झोप."

असं आणखी दोनदा झालं. एकदा "ऐकतेस का" म्हणाला, एकदा नुसताच खाकरला. ती तिन्ही वेळा "बोला ना" म्हणाली. वळली एकदाही नाही.

सातव्या महिन्यात तो एका दुकानापुढे ट्रे उतरवता उतरवता खाली बसला, आणि उठलाच नाही. दुकानदार म्हणाला, हातातला ट्रे त्याने आधी नीट खाली ठेवला, एक पाव सांडू दिला नाही. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "दोन-तीन महिने छातीत दुखत असणार. काही बोलले नव्हते का?"

"नाही," काडीताई म्हणाली.

मग घरी माणसं भेटायला आली आणि प्रत्येकाने तेच विचारलं. नणंद तर रोज विचारायची. धाकटी, एकुलती एक बहीण, भावावर जीव. "वहिनी, दादा खरंच काही बोलला नाही? मला तर नाहीच, पण तुलाही नाही?" काडीताई नाही म्हणायची. मग नणंद त्या मेलेल्या भावावरच चिडायची, की इतकं कसलं मुकेपण, घरच्या माणसाला सांगायला काय झालं होतं! काडीताई मान खाली घालून ऐकून घ्यायची. आपला दोष त्याच्या माथी जातोय हे तिला कळत होतं.

फवारा मात्र चुकला नाही. कशासाठी, विचारू नका. एक आरसा पुढे, एक मागे धरून ती स्वतः टिपायला शिकली. कागद लागायचा आणि दुखायचं.

वर्ष झाल्यावर ती टोचणारीकडे गेली. काढून टाक, असंच सांगायचं होतं तिला. मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने कान उजेडात धरला आणि खूश झाली. "काकू, कमाल आहे! असा भरलेला कान मी बघितला नाही. काळजी घ्यावी तर तुमच्यासारखी. आता झोपा बिनधास्त डाव्या कुशीवर."

"फार अवघड गेलं ते," काडीताई म्हणाली. "नवरा त्या बाजूला असायचा. पाठ करून झोपावं लागलं."

"वर्षभर?" मुलगी हसली. "अहो, मग जागा नाही का बदलायची? तुम्ही दाराकडे, काका भिंतीकडे."

"त्यांना पहाटे उठावं लागायचं."

"मग उशा पायथ्याला घ्यायच्या! दोघांनी उलटीकडे डोकी करायची, मग उजव्या कुशीवरही आपोआप तोंड समोर येतं. मी सगळ्यांना सांगते की." ती थांबली. "तुम्हाला नव्हतं का सांगितलं?"

सांगितलं असेल, नसेलही. काडीताईला काही आठवेना. ती एवढंच म्हणाली, "नाही सुचलं गं." दोन उशा उचलून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायच्या. चार पावलं. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या कानांची सोय बघणाऱ्या बाईला ते सुचलं नाही, आणि त्यालाही सुचलं नाही, आणि दोघं आपले मुकाट्याने पडून राहिले, तो तिच्या पाठीकडे बघत, ती भिंतीकडे. काढून टाक म्हणायचं राहूनच गेलं. रस्त्यात ती बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि लोक बघतायत याची पर्वा न करता मोठमोठ्याने रडली.

घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं. चपला काढायच्या आधी तिने नणंदेला फोन लावला.

"वन्सं, ते बोलणार होते. तीनदा हाक मारली होती मला. त्यांना दोष देऊ नका. मी वळून बघितलं नाही."

नणंदेचा आवाज आला, अगदी बारीक. "का गं वहिनी? भांडला होतात?"

भांडण असतं तरी चाललं असतं, असं वाटलं तिला. तेवढं तरी मोठं कारण असतं.

"नाही हो," ती म्हणाली. "कान टोचला होता."